मुकादमाच्या मागून

ऐरोलीला आमच्या कंपनीतल्या एका साहेबांच्या शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी एकदा त्यांच्यापुढं बढाई मारून गेला, की आमच्या वॉचमनच्या नजरेतून माशी सुटत नाही. पुढच्या रविवारी साहेबांनी जुनं बनियन चढवलं, घरातलं गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेतलं आणि त्या सोसायटीच्या गेटातून सरळ आत गेले. वॉचमननं खुर्ची सरकवून वाट करून दिली. तिसऱ्या मजल्यावर जाऊन साहेबांनी सेक्रेटरीच्याच घराची बेल वाजवली. बाईंनी तोंडाकडं न बघता सांगितलं, "चपला बाहेर काढा, आणि फरशीवर आपटू नका." साहेबांनी सिलिंडर ओट्याखाली ठेवलं, पाणी मागून प्याले, आणि सेक्रेटरी टॉवेल गुंडाळून बाथरूममधून बाहेर आला तेव्हा त्याला म्हणाले, "तुमच्या वॉचमननं सिलिंडर बघितलं. माणूस बघितलाच नाही."

सेक्रेटरीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं ते कायमचं. ही गोष्ट मला साहेबांनीच सांगितली आणि सांगताना हसून हसून त्यांना ठसका लागला. मी हसलो नाही. मी स्वतः गेटावरचा माणूस. हसू कशाला?

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीच्या गेटावर मी हवालदार होतो. शिक्षण म्हणाल तर चौथी, तीही गावाकडं, सातारा जिल्ह्यात. पण गेटावर चौथी पुरते. कोण आला, कशाला आला, कुणाच्या हुकमानं आला, एवढं कळलं की झालं. माझ्या गेटाबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं मी खपवून घेतलेलं नाही. साहेब कम्प्युटर खात्याचे मुख्य होते. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण विचारायला ते आता कुठं आहेत हेच मला ठाऊक नाही. पुढं त्यांनी कंपनी सोडली. कुणी म्हणतं पुण्याला गेले, कुणी म्हणतं परदेशी. परदेशी गेले असतील तर तिथल्या विमानतळावर त्यांनी काय केलं असेल देव जाणे.

दिसायला एकदम साधा माणूस. पण एप्रिल महिन्यात तळोज्यात अंगात लोकरीचा स्वेटर आणि कानाला माकडटोपी. कम्प्युटरच्या खोलीत एसी सारखा चालू, म्हणून. बाहेर आले तरी काढायचे नाहीत. म्हणायचे, "पुन्हा घालायला विसरतो." जेवणाच्या सुट्टीत असे घामाघूम होऊन कॅन्टीनला निघाले की नवे ट्रकवाले मला विचारायचे, "हवालदार, हे आजारी आहेत का?"

रोज सकाळी ते गेटावर थांबायचे आणि आपला डबा उघडून माझ्यापुढं धरायचे. आमच्याकडं झडती कामगारांची, ऑफिसरांची नाही.

"साहेब, आफिसर लोकांचा डबा बघायचा नाही असा हुकूम हाय."

"कुणाचा हुकूम?"

"मॅनेजरसाहेबांचा."

"मग चोरानं काय करावं? ऑफिसर व्हावं?"

मी चिडून त्यांचा डबा बघायला लागलो. जाताना, येताना, दोन्ही वेळा. मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी, शनिवारी साबुदाणा. त्यांच्या बायकोचा हात मिठाला जड होता हे भाजीच्या रंगावरून मला कळायचं, इतकी मी ती झडती मनावर घेतली होती.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. कुणी म्हणालं, अमुक दार बंद आहे, तमुक कपाटाला कुलूप आहे, की ते विचारायचे, "कुलूप म्हणजे नुसता प्रश्न असतो. तो कुणाला विचारलात?" कॅन्टीनवाल्यानं साखरेच्या कपाटाला भलंमोठं कुलूप लावलं होतं. साहेबांनी एकदा चहा पिता पिता खिशातल्या स्क्रूड्रायव्हरनं बिजागऱ्या काढल्या, अख्खं दार कुलपासकट उचलून टेबलावर ठेवलं, एक चमचा साखर कपात घातली आणि दार जसंच्या तसं पुन्हा बसवून दिलं. कॅन्टीनवाला बोंबलायला लागला तर म्हणाले, "अहो, तुमच्या कुलपाला मी हातही लावला नाही."

असा माणूस लोकांना आवडत नाही. मलाही आवडत होता असं मी म्हणणार नाही. पण रोज दोन वेळा ज्याचा डबा बघतो, तो माणूस आपला वाटायला लागतोच.

आता मूळ गोष्ट सांगतो. कम्प्युटरची आहे, पण घाबरू नका. मला कळली तशी सांगतो. शिकलेल्यांना चूक दिसली तर त्यांनी ती आपल्यापाशी ठेवावी.

कंपनीत एक मोठा कम्प्युटर होता आणि खात्याखात्यात त्याला जोडलेले पडदे. प्रत्येक खात्याला त्याच्यात आपापला कप्पा. साहेबांनी असा बंदोबस्त केला होता, की त्या कप्प्यात कागद ठेवा, वाचा, लिहा, पण बाहेरून आणलेला प्रोग्राम ठेवून तो चालवता येणार नाही. कुणी चालवायला गेला तर पडद्यावर यायचं, परवानगी नाही. चालवायचाच असला तर मुख्य पासवर्ड पाहिजे. तो दोघांनाच ठाऊक. एक साहेब, दुसरी त्यांच्या हाताखालची वनिता.

वनिता करावे गावची. बाप खाडीत मासेमारी करणारा. त्या घरात पँटशर्टवाल्या ऑफिसात खुर्चीवर बसणारी ती पहिलीच. पगाराच्या दिवशी गेटावर मला पेढा द्यायची आणि म्हणायची, "काका, डब्यात नाय, हातात हाय. बघून घ्या."

या बंदोबस्ताचा साहेबांना फार अभिमान. दुसऱ्यांची कुलपं हसण्यावारी नेणारा माणूस स्वतःच्या कुलपावर मात्र भाळला होता. मॅनेजरसाहेबांसमोर भर मीटिंगमध्ये छाती ठोकून म्हणाले होते, "माझ्या किंवा वनिताच्या हाताशिवाय त्या कप्प्यात काही चालू होणार नाही."

आणि साहेब रजेवर असताना एका सकाळी डिस्पॅचच्या कप्प्यातलं सगळं गेलं. कुठला माल कुठल्या ट्रकात, कुणाच्या नावानं, सगळं साफ. ट्रकांची रांग माझ्या गेटापासून मागच्या वळणापर्यंत. ड्रायव्हर मलाच शिव्या घालत होते, जसं काही मी पुसलं. शोधलं तर त्या कप्प्यात एक खेळ सापडला. कुणीतरी फ्लॉपीवरून आणून ठेवलेला. तो खेळ चालवला होता, आणि त्यानंच सगळं खाल्लं होतं. डिस्पॅचचा क्लार्क हात वर करून मोकळा, "मला काय माहीत? आमच्या कप्प्यात काही चालतच नाही, साहेबच म्हणालेत ना?"

झालं. दोघांच्याच हातानं चालू होतं. एक रजेवर. मग राहिलं कोण? मॅनेजरसाहेबांनी वनिताला त्याच दुपारी घरी पाठवलं आणि मला फोन आला, "चौकशी होईपर्यंत तिला गेटातून आत सोडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती आलीच. डोळे सुजलेले.

"काका, मना आत जाऊंदे. साहेब आलेत ना आज? त्यांना भेटायचंय."

"वरून हुकूम हाय, पोरी."

"मी पासवर्ड कुनाला दिला नाय. आयेची शपथ."

"मला सांगून काय उपयोग?"

"मग कुनाला सांगू? गावात सगल्यांना कललंय. बाबा बोट घेऊन गेलाच नाय. लोक इचारतात, पोरीनं काय चोरलं म्हनून. तुमी तरी सांगा, मी चोर दिसते काय?"

मी सोडली नाही. आज आली तरी सोडणार नाही. हुकूम म्हणजे हुकूम. पण आत फोन लावून साहेबांना सांगितलं. ते स्वेटरटोपीसकट उन्हातून चालत गेटाबाहेर आले आणि पानटपरीच्या सावलीत तिच्यापुढं उभे राहिले.

"तू चालवलंस?"

"नाय."

"पासवर्ड दिलास?"

"नाय, सर."

"बरं. घरी जा. जेव."

एवढंच बोलले आणि आत गेले. त्या संध्याकाळी त्यांचा डबा उघडला तर भाकरी तशीच. दुसऱ्या संध्याकाळीही तशीच. मी म्हणालो, "साहेब, तुमी तिला जेव म्हनला, आन् तुमचं काय?" ते म्हणाले, "हवालदार, ती खरं बोलत असेल तर माझं कुलूप खोटं आहे. माझं कुलूप खरं असेल तर ती खोटी. दोन्ही खरं कसं होईल?"

"मग तुमाला काय वाटतंय?"

"मला वाटतंय कुलूप खरं आहे," ते म्हणाले. "म्हणूनच जेवण जात नाही."

त्याच्या पुढच्या दिवशी मात्र पहिली पाळी सुटायच्या वेळेला ते गेटावर येऊन उभे राहिले. डबा रिकामा होता. आमच्याकडं दुपारच्या पाळीला ड्रम धुणाऱ्या बायका यायच्या, ठेकेदाराच्या. केमिकलचा वास डोक्यात जातो म्हणून तोंडाला फडकं, वर पिवळं हेल्मेट. पास एकट्या मुकादमाचा. पासावर लिहिलेलं, मुकादम आणि सोबतचे कामगार. मी पास बघायचो, डोकी मोजायचो, सोडायचो. माझ्या आधीच्या हवालदारापासून हीच पद्धत. साहेब बघत होते.

"यांच्यातल्या एकीला विचारलंत, की मुकादमाला?"

"मुकादमाला. पास त्याचा."

"वा," म्हणाले आणि निघून गेले. मला वाटलं, लागला ह्यांचा नाद माझ्या गेटाला.

शोध त्यांनी खोलीत बसूनच लावला होता. गेटावर ते नुसती दाखवायची सोय बघायला आले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दुपारी मॅनेजरसाहेबांचा फोन आला आणि आवाज असा, की मी टोपी सारखी करून धावतच गेलो.

केबिनमध्ये मॅनेजरसाहेब उभे, तोंड लाल. साहेब खुर्चीत, स्वेटरमध्ये. आणि मध्ये एक ड्रम धुणारी बाई. तिनं हेल्मेट काढलेलं आणि तोंडावरचं फडकं खाली ओढलेलं. वनिता.

"ही आत आली कशी?" मॅनेजरसाहेब ओरडले. "मी स्वतः सांगितलं होतं ना तुम्हाला?"

पण मान मी खाली घातली नाही. चूक नसताना मान घालायची आमच्यात रीत नाही.

"साहेब, वनिता म्हणून कुणी गेटावर आली असती तर मी सोडली नसती. मुकादम आला. त्याचा पास बघितला. पास बरोबर. मागच्यांची डोकी मोजली. डोकी बरोबर. मागच्यांना पास विचारायचा असा नियमच नाही. मी नियमानं वागलो."

साहेब खुर्चीतून उठले. "एकीच्या जागी हिला मुकादमाच्या मागं मीच पाठवली. ऐकलंत? शब्द न् शब्द बरोबर बोलले हवालदार. तुमचा कम्प्युटर हेच म्हणतोय."

मग त्यांनी मॅनेजरसाहेबांच्याच पडद्यावर दाखवलं. मी तिथंच होतो. मला कुणी जा म्हटलं नव्हतं, आणि माझ्या गेटाचा विषय निघालेला असताना मी जाणारही नव्हतो.

ते म्हणाले, कुठलाही प्रोग्राम एकटा कामाला लागत नाही. त्याची निम्मी हत्यारं सामायिक स्टोअरात असतात. एक छोटा प्रोग्राम आधी येतो, आलेल्याला हाताला धरून जागेवर उभा करतो, स्टोअरातली हत्यारं त्याच्या हातात देतो, मग म्हणतो, हं, लाग कामाला. लिंकर असं त्याचं इंग्रजी नाव. मी मुकादमच म्हणतो. एरवी आपण प्रोग्रामला हाक मारतो, कम्प्युटर त्याचीच परवानगी तपासतो, आणि मुकादम मागून येतो. पण कुणी उलटं केलं तर? सरळ मुकादमालाच हाक मारली आणि त्याला सांगितलं, हा अमका उचलून आण?

त्यांनी पासवर्ड न घालता, साध्या क्लार्कसारखं आत जाऊन एक प्रोग्राम कप्प्यात ठेवला. त्याचं नाव टाइप केलं. पडद्यावर आलं, परवानगी नाही. मग आधी मुकादमाचं नाव, त्याच्यापुढं त्या प्रोग्रामचं नाव. प्रोग्राम सुरू.

"परवानगी विचारली ती मुकादमाला," साहेब म्हणाले. "त्याची आहेच. मागच्याला तो फक्त वाचून घेतो, आणि वाचायला मी कधी बंदी घातलीच नव्हती. वाशीच्या क्लासमध्ये पोरं एकमेकांना हे दाखवतात म्हणे. मला माहीत नव्हतं."

मॅनेजरसाहेब हट्टी माणूस. म्हणाले, "असं करता येतं हे कळलं. पण हिनं पासवर्ड वापरला नाही कशावरून?"

"मुकादमाच्या मागून आलेल्याला मुकादमाचा अधिकार मिळत नाही. त्याचा स्वतःचा असतो तेवढाच राहतो. खेळानं काय खाल्लं? डिस्पॅचचा कप्पा. त्याच्या बाहेरचा एक कागद हलला नाही. मुख्य पासवर्डानं चालवला असता तर तुमच्या पगारापर्यंत सगळं गेलं असतं. अख्ख्या घराची किल्ली असलेला चोर एकच खोली फोडेल का? हे काम डिस्पॅचमध्ये बसणाऱ्याचं आहे."

वनिता हेल्मेट पोटाशी धरून उभी होती.

"मग तो तुमचा लिंकर का काय, त्याला काढून टाका," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"काढला तर सकाळी एकही प्रोग्राम उठणार नाही. सगळे त्याच्याच हातानं उठतात."

"पण तुम्हीच मीटिंगमध्ये म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो. चुकीचं म्हणालो होतो. हिच्यावर आळ आला तो माझ्या त्या वाक्यानं आला. दुसरा काहीही पुरावा तुमच्याकडं नव्हता." आणि मग वनिताकडं वळून, सगळ्यांच्या देखत, "माझं चुकलं, वनिता."

ती म्हणाली, "सर, असं नका बोलू," आणि तेव्हा रडली. इतके दिवस बाहेर रडत होती, पण हे रडणं वेगळं.

तिला त्याच दिवशी कामावर घेतलं. क्लार्कनं संध्याकाळपर्यंत कबूल केलं. वरच्या ऑफिसात मात्र साहेबांचं नाव खराब झालं. ज्याचं कुलूप खोटं निघालं, आणि निघालं हे ज्यानं स्वतःच सांगितलं, असा माणूस मोठ्या लोकांना चालत नाही. त्यांच्या जागी नंतर जो आला त्यानं पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं, माझ्या हाताशिवाय काही चालू होणार नाही. टाळ्या वाजल्या म्हणे.

मी साहेबांशी बोलणं बंद केलं होतं. डबा बघायचो, बोलायचो नाही. एक दिवस ते गेटावरच्या माझ्या केबिनच्या दारात येऊन उभेच राहिले.

"रागावलात."

"माझं गेट तुमी चार लोकांत उघडं पाडलंत."

"माझं कुलूपही पाडलं."

"ते तुमचं तुमी पाडलंत. माझं मला विचारून पाडायचं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही तिला सोडली असतीत?"

"नसतीच सोडली."

"आणि सोडली असतीत तर तुमची नोकरी राहिली असती?"

मी म्हणालो, "चूक माझी नव्हती."

"नव्हती. पद्धत तशी होती. मीही दोन दिवस तेच म्हणत होतो, चूक माझी नाही. पण हवालदार, चूक कुणाचीच नाही असं सगळे म्हणायला लागले, की ती सगळ्यांत शेवटच्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसते. त्याच्या मागं ढकलायला कुणी नसतं ना."

चूक माझी नव्हती हे मी आजही म्हणतो. पण पद्धत बदलली. मॅनेजरसाहेबांनीच हुकूम काढला, की मुकादमाच्या मागच्या प्रत्येकीला स्वतःचा पास. फोटोसकट. पहिल्या दिवशी मी एकेक पास हातात घेऊन नाव वाचत होतो. चौथीचं वाचन, त्यात बायकांची नावं लांबलचक. इतकी वर्षं मी ही डोकी मोजली होती, नाव एकीचंही ठाऊक नव्हतं. रखमाबाई, जनाबाई, आणखी एक रखमाबाई. रांग रस्त्यापर्यंत गेली. मुकादम कपाळाला हात लावून बसला. बायकांनाही गंमत वाटत होती. एक म्हणाली, "हवालदार, फोटूत मी बरी दिसते की अशी?"

रांगेच्या शेवटी वनिता. त्या दिवशी तिची दुपारची पाळी होती. घड्याळाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत.

"काका, मना तरी जाऊंदे ना पुढं. लेट मार्क लागंल."

"लागू दे," मी म्हणालो आणि पुढचा पास डोळ्यांजवळ धरला.

ती पुटपुटत रांगेत उभी राहिली. लेट मार्क ज्याला नोकरी आहे त्यालाच लागतो, हे मी तिला बोलून दाखवलं नाही.